पासंग

बत्तीस वर्षं लातूरच्या आडतीत
ह्यांनी दुसऱ्यांचं धान्य मोजलं.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं,
मग दोन, मग तीन.
तुरीच्या धुळीनं पापण्या पिवळ्या व्हायच्या
पण काटा थांबल्याशिवाय तोंडातून आकडा निघायचा नाही.
मन्मथअप्पांचं माप, असं म्हणून
भांडणारे दोघंही गप्प बसायचे.

मग डोकं दुखायला लागलं. हैदराबादला गाठ काढली.

सय्यद डॉक्टरबाईंनी कागदावर डोकं काढलं,
तळाशी पेनाचं टोक टेकवलं :
बदामाएवढी जागा. सगळ्या अंगाचा हिशोब इथं येतो.
रक्तात साखर किती, ते इथं चाखलं जातं,
डाळीतलं सत्त्व पोचलं की नाही, तेही.
कातडीखालची चरबी रोज सांगावा धाडते,
कणगी भरलेली आहे, घाई करू नका.
आतडी कळवतात, आलं, आलं, आता बास.
तेव्हा ही जागा हात आखडायला लावते.
गाठ तिलाच बिलगून बसली होती, म्हणाल्या.
सांगावे अजून येतात,
वाचणारं कुणी राहिलं नाही.

मी साठीला आले.
भूक पोटात असते असंच समजत होते.

घरी आल्यावर सात भाकरी, वर वाटीभर माडगं.
मी ताट उचलायच्या आत म्हणाले, वाढ.
अहो, आत्ता तर जेवलात!
'जेवलो ते ठाऊक आहे मला. सात खाल्ल्या, मोजल्यात.
पण जेवल्याची बातमी आली नाही.'

शेजारी म्हणाले, दुखण्यातून उठलेला माणूस, खाऊ द्या.
तेच शेजारी चार महिन्यांनी म्हणाले, हावरट.
जाऊबाईंनी लिंबू उतरवून टाकलं.
हे एक दिवस आडतीत गेले,
कुणी नसताना इलेक्ट्रिक काट्यावर चढले,
येऊन म्हणाले, 'दोन कट्ट्यांना आठ किलो कमी.'
हसले नाहीत. आकडा सांगितला नुसता.

मी कपाटाला कुलूप लावलं. किल्ली कमरेला.
त्या रात्री मला झोप लागली नाही, लाज वाटली,
नवऱ्याच्या घासाला कुलूप.
दोनच्या सुमाराला कुलूप वाजलं.
उठून गेले. अंधारात उभे होते, हात कपाटावर.
म्हटलं, तोडताय का?
'नाही गं. नीट लागलंय का, बघत होतो.'

तेव्हापासून मी माझं जेवण बघते.
तिसरी भाकरी अर्धी झाली
की आतून कुणीतरी मनगट धरतं,
हळूच, न बोलता.
किती वर्षं धरत आलं असेल,
मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.
आता ते मनगट धरलं
की मी ह्यांच्याकडे बघते आणि म्हणते, झालं.
ते भाकरी खाली ठेवतात.
कधी ठेवतात. कधी नाही.

औशाला भाच्याचं लग्न होतं.
पंगतीत आपल्याकडं नको म्हणणाऱ्यावर कुणाचा विश्वास नसतो.
बुंदीची बादली घेऊन पोरगा ह्यांच्यापुढं थांबला,
अप्पा, घ्या, तुम्ही तर खवय्ये!
चार जण वळले. मी बायकांच्या पंगतीत, लांब.
झालं म्हणायला माझा आवाज पोचणार नव्हता.
ह्यांचे डोळे बादलीत होते.
गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

मग ह्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले
आणि म्हणाले,
'पोट भरलं.'

उभ्या जन्मात ह्या माणसानं
खोटं माप सांगितलं ते हेच.
सांगताना आवाज हलला नाही.
बादली पुढच्या ताटाकडं सरकली.